प्रीकनेस लॉरेलला बघावी की बाल्टिमोरला परत येईपर्यंत थांबावं?

भाचा मेरीलँडमध्ये नोकरीला आहे. परवा त्याचा फोन आला, मामा, प्रीकनेस ही घोड्यांची शर्यत बघायचीय, २०२६ ला जाऊ का २०२७ ला? मी सोलापूरचा, अमेरिका बघितलेली नाही, पण लहानपणी वडिलांचं बोट धरून अकलूजच्या घोडेबाजारात फिरलोय, घोड्याचं वेड तेव्हापासूनचं, त्यामुळे ही शर्यत मी दरवर्षी न चुकता बघतो. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, तुमचंही कोणी तिकडे असेल तर उपयोगी पडेल.

आधी भानगड काय ते. अमेरिकेच्या ट्रिपल क्राउनमधली, म्हणजे तिथल्या तीन मानाच्या शर्यतींमधली, ही दुसरी शर्यत, मेच्या तिसऱ्या शनिवारी असते, अंतर साधारण १.९ किलोमीटर. १८७३ ला ती बाल्टिमोरच्या पिमलिको रेसकोर्सवर सुरू झाली. पण तिथलं स्टँड इतकं खिळखिळं झालं की २०१९ ला ६,६७० जागा धोकादायक म्हणून बंद केल्या, शर्यत कायमची लॉरेल पार्क या दुसऱ्या रेसकोर्सला जाणार अशी चिन्हं दिसायला लागली आणि बाल्टिमोर शहर थेट कोर्टात गेलं. शेवटी २०२४ ला राज्याने कायदा केला, पिमलिको स्वतःकडे घेऊन ४० कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून नवं बांधायचं. म्हणून २०२६ ची शर्यत लॉरेलला आणि २०२७ ला परत घरी, असा प्लॅन.

आता लॉरेल. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधे आहे, १९११ चं रेसकोर्स, म्हणजे तेही काही कालचं नाही. ट्रॅक पिमलिकोपेक्षा मोठा. घोडे तेच, जॉकी तेच, नुसती रेस बघायची असेल तर लॉरेलमध्ये काही वाईट नाही. २०२७ च्या आधी भाच्याची बदली होणार असेल तर सरळ लॉरेललाच जावं.

पण पिमलिकोची गोष्ट वेगळी आहे हो. तिथे जुन्या क्लबहाऊसच्या घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा घोडा आणि जॉकी होता, ते क्लबहाऊस १९६६ ला जळालं तर त्या घुमटाची प्रतिकृती केली. निकाल जाहीर झाला की पेंटर शिडीवर चढतो आणि त्या पत्र्याच्या जॉकीला जिंकलेल्या घोड्याच्या मालकाच्या रंगात, म्हणजे त्याच्या जॉकीच्या पोशाखाच्या रंगात, रंगवतो, मग वर्षभर तो त्याच रंगात. १९०९ पासूनची रीत आहे ही. आणि १९०९ च का, तर मधे शर्यत न्यूयॉर्कला गेली होती, १८९० ला गेली ती १९०९ ला परत आली! मधली तीन वर्षं तर झालीच नाही. मला धास्ती आहे ती याचीच, एकदा हललेली गोष्ट परत यायला एकोणीस वर्षं लागू शकतात. यावेळी कायदा आहे, पैसा आहे, म्हणून जरा जीव भांड्यात पडलाय.

शिवाय पिमलिकोभोवतीची पार्क हाइट्स ही वस्ती गरीब. शर्यतीच्या दिवशी तिथले लोक आपल्या अंगणात गाड्या लावायला देतात, घरासमोर खायचे स्टॉल टाकतात, चार पैसे सुटतात. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळणे लागले की आजूबाजूच्या किती घरांचं पोट त्यावर चालतं ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. लॉरेलला गेलेला पैसा त्या गल्लीत येत नाही.

खुडूसचं रिंगण आठवा. माउलींचा अश्व धावून गेला की माणसं टापांखालची माती कपाळाला लावतात. उद्या कोणी म्हणालं शेजारच्या तालुक्यात प्रशस्त ग्राउंड आहे, पार्किंग आहे, रिंगण तिकडे घेऊ, तर घोडा तोच धावेल पण ती माती कुठून आणणार?

तर भाच्याला सांगितलं, एकदाच सुट्टी मिळणार असेल तर २०२७ ची धर, दोन्ही जमत असेल तर लॉरेलपण बघून घे म्हणजे फरक स्वतःला कळेल. पिमलिकोला गेलास की गाडी पार्क हाइट्समधल्या कोणाच्या तरी अंगणातच लाव, आणि रेस संपली म्हणून लगेच उठू नको, पेंटर शिडीवर चढेपर्यंत थांब आणि मला व्हिडिओ कॉल कर, इथे मध्यरात्र उलटलेली असेल तरी चालेल, मी जागाच असणार.