कुलूपपेटी की ब्राउझर? सायबर सुरक्षेची एस्केप रूम वर्गात आणताना

सायबर सुरक्षेवर भाषण ठेवलं की मागच्या बाकांवर मोबाइल सुरू होतात. त्यापेक्षा एस्केप रूम (ठरलेल्या वेळात कोडी सोडवत कुलपं उघडायचा खेळ) घ्या, असं मी नाशिकमधल्या शिक्षकमित्रांना सांगतो. त्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला: खरी कुलपं लावायची, की सगळं ब्राउझरमध्येच? मी दोन्ही करून पाहिलंय.

खऱ्या कुलपांची पेटी तापदायक आहे, हे आधीच सांगतो. एका पेटीभोवती सहा जण, म्हणजे साठच्या वर्गाला दहा पेट्या, आणि पुढच्या तुकडीआधी सगळं पुन्हा लावायचं. तरी मजा तिथेच. तीन आकडी कुलूप दिलं, की एखादा पोरगा कोडं सोडून ००० पासून चाकं फिरवत सुटतो. त्याला ओरडू नका. शक्यता १,०००च, सेकंदाला एक धरली तरी सतरा मिनिटांत कुलूप उघडतं. ‘चार आकडे असते तर?’ एवढंच विचारा. १०,००० शक्यता, जवळजवळ पावणेतीन तास! लांब पासवर्ड का हवा, हे मग बोटांनाच कळतं. (एकदा मी मोडीतली चिठ्ठी ठेवली, तर पोरं तिला ‘एन्क्रिप्शन’ (किल्लीशिवाय उलगडू नये असं गुप्त लेखन) म्हणाली. मोडी येणाऱ्याला ती किल्लीशिवाय वाचता येते, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. सत्कारणीच लागली म्हणायची.)

ब्राउझरचा खेळ गूगल फॉर्मवर फुकटात होतो, सिन्नर-ओझरची मुलं घरूनही खेळतात. पण फॉर्ममध्ये उत्तर तपासायचा नियम पानाच्या सोर्समध्येच, म्हणजे कुणालाही उघडून बघता येणाऱ्या कोडमध्ये, असतो. आयटीच्या मुलांनी आमचा खेळ असाच चार मिनिटांत गुंडाळला. त्यांच्यासाठी तेच पहिलं कोडं करा. फिशिंग (खोट्या लिंकवर नेऊन पासवर्ड काढून घेणं) मात्र ब्राउझरमध्येच शिकवावं. कागदावर छापलेल्या लिंकला कोण फसणार? २०२७ च्या सिंहस्थासाठी खोल्या देणारं खोटं बुकिंगचं पान बनवा आणि पत्त्यातलं एक अक्षर बदला. मुलांकडून खरा पासवर्ड मात्र चुकूनही टाकून घेऊ नका.

दोन्हीकडे एक गफलत होते, ती घड्याळाची. ‘डिजिटल अरेस्ट’वाला, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणारा भामटा, समोरच्याला विचारच करू देत नाही, आणि आपण घड्याळ लावून घाई करणाऱ्यालाच बक्षीस देतो. म्हणून प्रत्येक गटाच्या पाकिटात एक खोटा ओटीपी ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत एका सहकाऱ्याला आत पाठवा: ‘मी आयोजकांकडून आलोय. तुमच्या पाकिटातला ओटीपी सांगा, कुलूप उघडून देतो.’ सांगणाऱ्या गटाची दोन मिनिटं कापा. पडद्यावर हाच निरोप आला, तर मुलं न वाचताच बंद करतात. समोरच्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं.

म्हणून शाळा आणि ज्येष्ठ नागरिक संघासाठी मी डोळे मिटून पेटी निवडेन. संगणकाचा वर्ग असेल किंवा मुलं शंभरावर असतील, तर ब्राउझर. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे कोडं दोन्हीत हवंच.

आणि पेटीचं शेवटचं कुलूप चार आकडी ठेवा. आकडा १९३०. ऑनलाइन पैसे गेले, तर पहिला फोन याच नंबरवर करायचा असतो.