बेडकाच्या पिल्लांसाठी पाणी: नळाचे, बोअरचे, पावसाचे की डबक्याचे?

पावसाने जोर धरला की नाशिकच्या आसपासच्या डबक्यांत बेडकांची काळी पिल्ले वळवळू लागतात, आणि त्यांतली काही घरी वाढवून पाहायची तर पहिला प्रश्न पाण्याचा येतो. ही पिल्ले, म्हणजे टॅडपोल, कल्ल्यांनी श्वास घेतात आणि त्यांची त्वचा फार नाजूक असते. त्यामुळे आपल्या पिण्याला चांगले असलेले पाणी त्यांना मानवेलच असे नाही.

शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून मिळणारे नळाचे पाणी हाताशी असते, हा त्याचा मोठा गुण. दोष आहे तो क्लोरीनचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो, आणि त्याचाच कल्ल्यांना अपाय होतो. पसरट टबात, झाकण न ठेवता, हे पाणी २४ ते ४८ तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. उंच, अरुंद तोंडाच्या पिंपात मात्र त्याला वेळ लागतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल, तर नुसते साठवून भागत नाही. अशा वेळी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे औषध बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच वापरावे.

साठवण्याचे भांडे कोणते, याला मी पाण्याइतकेच महत्त्व देतो. पहिल्या वर्षी मी आजीच्या तांब्याच्या घंगाळात पाणी रात्रभर ठेवले आणि सकाळी तेच टबात ओतले. दुसऱ्या दिवशी निम्मी पिल्ले तळाशी निपचित पडलेली होती. काडीने हलवले तरी एकाचीही शेपटी हलली नाही. तांब्याचा जो अंश माणसाला बाधत नाही, तोही या जिवांना विषासारखा ठरू शकतो. म्हणून प्लास्टिक, काच किंवा स्टील यांखेरीज दुसरे भांडे नकोच.

याच कारणासाठी डबक्याचे पाणीही पारखून घ्यावे लागते. पिल्ले ज्या डबक्यातली, तेथील पाणी त्यांच्या सवयीचे असते आणि त्यातले हिरवे शेवाळ हे त्यांचे आयते अन्न असते. परंतु निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुन्याचे असते, आणि मोरचूद म्हणजे पुन्हा तांबेच. बागेच्या बांधालगतचे डबके त्यामुळे टाळावे. इतर ठिकाणचे पाणीही फडक्यातून गाळून घ्यावे, कारण त्यातून येणाऱ्या चतुराच्या अळ्या पिल्लांना खातात.

पावसाच्या पाण्यात क्लोरीन नसतो आणि ते मऊ असते. पहिल्या सरींत छतावरची धूळ व काजळी वाहून जाऊ द्यावी आणि नंतरचे पाणी धरावे. जस्ताच्या पत्र्यावरून उतरणारे मात्र घेऊ नये. या पाण्यात क्षार अगदीच कमी असल्याने त्यात थोडे डबक्याचे पाणी मिसळणे बरे. आर.ओ.च्या पाण्यातले तर बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, म्हणून तेवढ्यावर पिल्ले वाढवू नयेत.

बोअरचे पाणी मी शेवटचा पर्याय मानतो. आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणारे हे पाणी बहुधा जड असते आणि उपसल्याबरोबर त्यात प्राणवायूही कमी असतो. दिवसभर उघडे ठेवून, अधूनमधून ढवळून ते चालवता येते. पण जड पाणी सहसा अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात पिल्लांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया अधिक घातक ठरतो, म्हणून ते लवकर बदलावे लागते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने माझ्या मते नळाचे एक-दोन दिवस उघडे ठेवलेले पाणी घ्यावे आणि त्यात सुरुवातीलाच लोटाभर डबक्याचे गाळलेले पाणी घालावे. गच्ची असेल तर पावसाचे पाणी पहिल्या पसंतीचे. दहा लिटरला दहा-बारा पिल्ले पुरेत. खायला घातलेल्या उकडलेल्या पालकाचे उरलेले तुकडे रोज काढावेत आणि दोन-तीन दिवसांनी पाव भाग पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. नवे पाणी टबाशेजारीच सावलीत ठेवून दोन्हींचे तापमान सारखे होऊ द्यावे आणि मगच ते कडेने हळूहळू सोडावे.