बुलेट बर्ड की एअरो बर्ड?

बुलेट म्हटलं की आपल्याला धडधडत जाणारी मोटरसायकल आठवते. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसासमोर 'बुलेट बर्ड' म्हणा, त्याला १९६१ ते १९६३ ची फोर्ड थंडरबर्ड दिसेल. या गाडीच्या जवळजवळ प्रत्येक पिढीला लोकांनी नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी. १९५५ ची दोन सीटांची ती 'बेबी बर्ड', १९५८ ची चौकोनी ती 'स्क्वेअर बर्ड', १९८३ ची 'एअरो बर्ड'. तुम्ही तिकडे राहत असाल, गॅरेजात एका गाडीपुरती जागा असेल आणि यातला एखादा पक्षी पाळायचा विचार असेल, तर माझ्या मते निवड बुलेट आणि एअरो या दोघींतच आहे. वाऱ्याशी नातं दोघीही सांगतात. एकीचं ते दिसण्यापुरतं आहे.

बुलेट बर्डचं नाक टोकदार, अंगावरची धार सरळ मागे गेलेली, आणि शेवटी दोन मोठे गोल लाल दिवे, जेट विमानाच्या शेपटाकडून जाळ निघावा तसे. काळच रॉकेटांनी भारलेला होता. पण गोळीचा आकार काढणं वेगळं आणि हवा गाडीला कुठे बिलगते, कुठे सुटते हे पाहून पत्रा वळवणं वेगळं. इथे काम चित्रकाराच्या हाताचं आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. दारात लावा, शेजारी आपणहून चौकशीला येतील. आत बसलात की आणखी एक गंमत: गिअर पार्कमध्ये टाकून स्टिअरिंग उजवीकडे सरकवायचं आणि मग ऐटीत उतरायचं. तेव्हा ही सोय पाहायला लोक शोरूममध्ये जात असतील तर नवल नाही.

बॉनेटखाली ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ताकद ३०० अश्वशक्ती, गिअर ऑटोमॅटिक. वजन पावणेदोन टनांच्या वर. आणि हे सगळं थांबवायला चारही चाकांना ड्रम ब्रेक! लांब उतारावर ते तापतात आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी रोखली जात नाही. रविवारी सकाळी गावात फेरी मारायला हरकत नाही. रोज हायवेवर ऑफिसला जायचं असेल तर दोनदा विचार करा. पेट्रोलचा तर हिशेबच ठेवू नका.

एअरो बर्डची गोष्ट उलटी. १९८० चं मॉडेल अगदी खोकं निघालं आणि विक्री घसरली. पुढच्या मॉडेलचं काम चालू असताना फोर्डचे अध्यक्ष डोनाल्ड पीटरसन यांनी डिझायनर जॅक टेलनॅक यांना विचारलं, अशी गाडी तुम्ही स्वतःच्या दारात लावाल का? उत्तर नकारार्थी आलं, आणि टेलनॅक यांच्या चमूला मोकळीक मिळाली. १९८३ ची गाडी आली तेव्हा काच चांगलीच तिरपी होती, कोपरे गोलावलेले होते आणि वाऱ्याच्या विरोधाचा गुणांक ०.३५ होता. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी वाऱ्याला कमी अडते. पहिल्याच वर्षी विक्री दुपटीहून जास्त झाली.

शर्यतीतही हा आकार कामी आला. १९८७ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बिल एलियटने थंडरबर्ड ताशी २१२.८०९ मैलांनी, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटरने पळवली. नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या, पात्रता फेरीतला तो विक्रम आजही टिकून आहे, कारण पुढच्या वर्षी तिथे इंजिनांना मिळणारी हवाच आवळण्यात आली. अर्थात ती शर्यतीची गाडी. तुमच्या दारातली तिची फक्त चेहरेपट्टी घेऊन येते.

एअरो घ्यायचीच तर १९८७ किंवा १९८८ ची टर्बो कूपे शोधा. २.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस. १९८७ च्या गाडीत मॅन्युअल गिअर असेल तर १९० अश्वशक्ती, ऑटोमॅटिक असेल तर १५०. त्यामुळे जाहिरातीत नुसतं 'टर्बो कूपे' वाचून चेक फाडू नका, गिअर विचारा. त्या काळच्या मस्टँगशी तिचा सांगाडा मिळताजुळता असल्याने बरेच सुटे भाग मिळतात. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनचं मात्र तसं नाही, ते गेलं की शोधाशोध. किंमत बुलेट बर्डपेक्षा सहसा बरीच कमी. पण शेजारी येणार नाहीत, ही गाडी त्यांच्या काकांकडे असायची.

माझा कौल? पहिलीच जुनी गाडी असेल आणि ती चालवायची असेल, तर एअरो. दुसरी असेल, आणि गाडीखाली सरपटणारा भरवशाचा मेकॅनिक ओळखीचा असेल, तर बुलेट, तीही बंद छपराची. उघड्या छपराची मोहात पाडते, पण ते छप्पर मोटरा आणि रिले लावून डिकीत दुमडतं. बिघाडाला जागा वाढते आणि सामानाला उरत नाही. बुलेटवर जीव जडलाय पण ब्रेकची धास्ती वाटते, अशांनी १९६५-६६ ची 'फ्लेअर बर्ड' पाहून यावी. ती पुन्हा थोडी चौकोनी झाली, पण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत.

बुलेट बघायला जाताना जुने कपडे घाला. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो, म्हणून रंगाची चमक नंतर बघा, आधी पाठीवर झोपून खालचा गंज बघा.