डेव्हिस की पित्झर? बोअरच्या पाण्यापासून इव्हॅपोरेटरपर्यंत

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमध्ये आरओ (पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) आणि इव्हॅपोरेटर (उरलेलं खारं पाणी आटवणारं यंत्र) बसवायची बोलणी सुरू झाली की क्षार कुठे धरतील याचं गणित मांडावंच लागतं. त्यासाठी ॲक्टिव्हिटी कोएफिशंट, म्हणजे गॅमा, हवा: द्रावणातला आयन त्याच्या कॉन्सन्ट्रेशनच्या किती पट प्रभावी वागतो तो आकडा. मग मॉडेल कुठलं घ्यायचं? पाणी प्लांटमध्ये शिरतं तिथलं बघून ठरवू नका, ते सर्वांत दाट होतं तिथलं बघून ठरवा.

समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, २००० मिलिग्रॅम आहे. त्याला ०.००००२५ ने गुणलं की ढोबळ आयनिक स्ट्रेंथ (पाण्यात चार्ज असलेले कण किती, याचं माप) मिळते, ०.०५. गॅमा काढायचा डिबाय-ह्युकेलचा १९२३चा मूळ नियम ०.०१च्या आतच धड चालतो. इथे तो कॅल्शियमला ०.३५ देतो, डेव्हिस (त्याच नियमात ०.३ची दुरुस्ती घातलेलं सूत्र) ०.४६. डेव्हिसच घ्या. सल्फेटवरही चार्ज दोनच, त्यामुळे जिप्समसाठी (कॅल्शियम सल्फेटसाठी) ०.४६चा वर्ग होतो, ०.२१. गॅमा विसरून नुसती कॉन्सन्ट्रेशन टाकलीत, तर सॅच्युरेशनचा आकडा जवळपास पाचपट फुगतो आणि अँटिस्केलंटवर (क्षार धरू न देणाऱ्या रसायनावर) नाहक पैसे जातात.

आरओची रिकव्हरी, म्हणजे गाळून मिळणारं पाणी, ७५ टक्के धरली तर रिजेक्ट (मागे उरलेलं खारं पाणी) चौपट दाट, म्हणजे आयनिक स्ट्रेंथ ०.२. साधारण ०.५ पर्यंत डेव्हिस निभावून नेतो.

खरी गोची इव्हॅपोरेटरमध्ये. साध्या मिठाचे २५ अंशांवरचे मोजलेले गॅमा बघा: किलो पाण्यात ०.१ मोल असताना ०.७७८, १ मोलला ०.६५७, ४ मोलला ०.७८३, ६ मोलला जवळजवळ ०.९९. आधी उतरतो, मग चढतो, कारण दाट द्रावणात बरंचसं पाणी आयनांभोवतीच अडकलेलं असतं. डेव्हिस ०.१ला ०.७८ देतो, अगदी बरोबर. पण १ मोलला ०.७९ आणि ४ मोलला चक्क १.८७! त्यातला ०.३चा आकडा सगळ्या क्षारांना एकच, सोडियम-पोटॅशियम हा भेदही त्याला कळत नाही. त्याच्या हिशेबाने मीठ ३.७ मोलच्या आसपासच खाली बसतं. प्रत्यक्षात बसतं ६.१ला. सुरुवातीच्या काळात मी हाच आकडा खरा धरला होता, आणि क्रिस्टल दिसायला अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी उडवावं लागलं.

पित्झरचं १९७३चं मॉडेल इथे कामाचं. प्रत्येक धन-ऋण जोडीचे स्वतंत्र पॅरामीटर असल्याने ते ६ मोलपर्यंत नेता येतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट यांचे पॅरामीटर उत्तम आहेत. पण धातूंना मुलामा देणाऱ्या प्लेटिंगचं पाणी असेल तर थांबा. निकेल किंवा क्रोमियमची जोडी मॉडेलच्या पॅरामीटर फाइलमध्ये नसली तर ती शून्य धरली जाते आणि उत्तर मात्र छान दिसतं. अशा वेळी मी एसआयटी हे साधं मॉडेल पसंत करतो: जोडीला एकच गुणांक, आणि ३ मोलपर्यंत भरवसा. यूएसजीएस या अमेरिकी सरकारी संस्थेच्या फ्रीक्यूसी (PHREEQC) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पित्झर आणि एसआयटी दोन्हींच्या फाइली आहेत. मात्र एका फाइलमधले समतोल स्थिरांक उचलून दुसरीत घालू नका, ते आपापल्या गॅमासोबतच बसवलेले असतात.

वाइनरीवाल्यांनाही एक सांगतो. डिबाय-ह्युकेल आणि डेव्हिसच्या सूत्रांतला ०.५०९ हा स्थिरांक २५ अंशांच्या शुद्ध पाण्याचा. अल्कोहोलने द्रावणाचा डायइलेक्ट्रिक (चार्जमधली ओढ सौम्य करायची क्षमता) कमी होतो आणि हा स्थिरांक वाढतो, म्हणून टार्टरेटच्या (वाइनमध्ये खाली बसणाऱ्या क्षाराच्या) हिशेबात पाण्याचा आकडा तसाच वापरू नका. मिश्र द्रावकांसाठी इलेक्ट्रोलाइट एनआरटीएल हे मॉडेल बघा. तापलेल्या इव्हॅपोरेटरलाही २५ अंशांचे पॅरामीटर लावू नयेत.

मॉडेल कुठलंही घ्या, आपलं पाणी टाकण्याआधी २५ अंशांवर नुसतं ४ मोल मीठ टाकून बघा. गॅमा ०.७८च्या जवळ आला नाही, तर त्या फाइलवर इव्हॅपोरेटरची ऑर्डर देऊ नका.