म्हाडाची सोडत, बिल्डरचं नवं घर की जुना फ्लॅट? सामान्य माणसाला खरंच काय परवडतं

'परवडणारं घर' या शब्दाची व्याख्या योजनेगणिक बदलते, आणि घर शोधणाऱ्याची पहिली फसगत तिथेच होते. जीएसटीच्या हिशेबात 45 लाखांपर्यंतचं घर परवडणारं. पंतप्रधान आवास योजना 2.0 चं व्याज अनुदान हवं असेल तर घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत पाहिजे. म्हाडा उत्पन्नावरून गट पाडते, पण घराची किंमत त्या उत्पन्नाला झेपेलच याची हमी देत नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या, महिना 50-60 हजार मिळवणाऱ्या कुटुंबाने कुठल्याही पर्यायाला एकच प्रश्न विचारावा: किल्ली हातात पडेपर्यंत माझ्या खिशातून रोख किती जाणार?

आधी म्हाडा. 2023 च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी भागात अत्यल्प उत्पन्न गटासाठी 1,947 घरं होती. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 322 चौरस फूट, किंमत सुमारे 30 लाख. आवास योजनेखालच्या या घरांसाठी उत्पन्नाची मूळ मर्यादा वर्षाला 3 लाख, म्हणजे महिना 25 हजार. आता 27 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं तर हप्ता येतो साधारण 23,400. उरलेल्या दीड हजारात महिना कसा काढायचा? अखेर मुंबई महानगर प्रदेशापुरती ती मर्यादा 6 लाखांवर नेली गेली. ज्यांच्या नावाने घरं बांधली, त्यांच्या आवाक्यात ती नव्हतीच.

तरीही पन्नास हजार कमावणाऱ्याने अर्ज जरूर करावा, कारण गोरेगावात त्या किमतीत दुसरं काही मिळणार नाही आणि नंबर लागला नाही तर अनामत परत येते. फक्त नशिबावर बेत आखू नये. 2024 च्या मुंबई सोडतीत 2,030 घरांसाठी एक लाखावर अर्ज आले, आणि त्यातली अत्यल्प गटाची घरं अवघी 359. 'म्हाडाचं' म्हणजे स्वस्तच, असंही नाही. 2023 च्याच सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींच्या घरात होतं. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. नवरा-बायको दोघांपैकी कुणाच्याही नावावर त्या शहरात घर नसावं, आणि मिळालेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. देकारपत्र, म्हणजे घर देऊ करणारं म्हाडाचं पत्र, आल्यावर पैसे भरायला मुदत मोजकीच मिळते, तेव्हा कर्जासाठी बँकेशी बोलणं त्याआधीच झालेलं बरं.

आता बिल्डरचं बांधकाम चालू असलेलं घर. इथे मी मुद्दाम थांबतो, कारण सर्वात जास्त माणसं इथेच अडकतात. समजा पुण्याच्या कडेला फलकावर '43 लाख' लिहिलंय. साइट ऑफिसमधली कॉस्ट शीट हातात आली की त्यात पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जेसचे 3 लाख वेगळे दिसतात. एकूण झाले 46. जीएसटीसाठी 45 लाखांची मर्यादा या सगळ्या रकमा धरून मोजतात, त्यामुळे 1 टक्क्याऐवजी 5 टक्के लागतो: 46 हजारांच्या जागी 2 लाख 30 हजार. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी सव्वातीन लाखांच्या आसपास, नोंदणीचे 30 हजार. कर्ज 30 लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे पदरचे 9 लाख 20 हजार, वर हे सगळे खर्च. बेरीज 15 लाखांच्या पुढे जाते. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडंही भरायचं आणि हप्त्याचं व्याजही. किंमत 35 लाखांच्या वर, म्हणून आवास योजनेचं 1 लाख 80 हजारांपर्यंतचं अनुदानही गेलं. ते मिळतं तेव्हाही एकरकमी नाही, पाच हप्त्यांत येतं.

महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संरक्षण मात्र खरं आहे, ते वापरा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आधी बुकिंगचे पाच लाख द्या, करार नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर पाणीही न पिता उठा.

जुना फ्लॅट दिसायला मागे पडतो. रंग उडालेला जिना, लिफ्ट नाही, पार्किंगची बोंब. पण जीएसटी शून्य, ताबा लगेच, आणि पाणी किती वाजता येतं हे शेजारच्या काकू दारातच सांगतात. सोसायटीला हस्तांतरणासाठी 25 हजारांपेक्षा जास्त प्रीमियम घेता येत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसेल तर बँक कुरकुरते, आणि इमारत जास्त जुनी असेल तर कर्जाची मुदत कमी होऊन हप्ता फुगतो. विकणारा काही रक्कम रोखीने मागू लागला तर तिथेच नमस्कार करावा. करारात नसलेल्या पैशावर कर्ज मिळत नाही आणि पुढे भांडायला पुरावाही उरत नाही.

चौथा पर्याय कुणी उघड सांगत नाही, पण 15-20 लाखांत घर हवं म्हटलं की दलाल तिकडेच नेतात: परवानगी नसलेली इमारत. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी खोट्या परवानग्यांवर रेरा क्रमांक, म्हणजे महारेराकडचा नोंदणी क्रमांक, मिळवले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे राहणारे तुमच्या-माझ्यासारखेच, आयुष्याची पुंजी घातलेले लोक. त्यामुळे नुसता रेरा क्रमांक बघून भागत नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन स्वतः महापालिकेत जा आणि नगररचना विभागात तो ताडून बघा. एक रजा गेली तरी चालेल.

मला विचाराल तर, हाती 8 लाखांच्या आत रोख असेल तर नव्या बांधकामाच्या वाटेला जाऊ नका. भोगवटा असलेला, 30 लाखांच्या आसपासचा जुना वन आरके किंवा छोटा वन बीएचके शोधा, आणि जोडीला म्हाडाचे अर्ज चालू ठेवा. विरार-बोळींजमध्ये म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती, ती पुढे सोडतीशिवाय, प्रथम येणाऱ्याला प्राधान्य देऊन विकायला काढली. अशा ठिकाणी नशीब लागत नाही. पण अर्ज करण्याआधी एक दिवस कामाच्या वेळेला तिथून लोकल पकडून ऑफिसला जाऊन बघा, आणि संध्याकाळी परतही तसंच या.