कोळसा की युरेनियम: दोन नेमणूकपत्रे हाती असलेल्यांसाठी

डिप्लोमा झाल्यावर मी खानदेशाबाहेरच्या एका औष्णिक केंद्रात दोन वर्षे काढली आणि नंतर अणुवीज केंद्रात रुजू झालो. त्यामुळे जळगाव-भुसावळकडची मुले दोन्हींकडची पत्रे घेऊन विचारायला येतात, तेव्हा अनुभवाचेच सांगतो.

टर्बाइनपासून पुढचे काम दोन्हीकडे जवळपास सारखेच आहे. फरक आहे तो वाफ कशावर तयार होते याचा. औष्णिक केंद्रातल्या पावसाळी रात्री मी अजून विसरलेलो नाही. ओला कोळसा बंकरच्या, म्हणजे कोळशाच्या कोठीच्या, तोंडाशी चिखलासारखा चिकटून बसे, कोळसा पुढे सरकवणारा फीडर रिकामा फिरे, तो दळणारी मिल बंद पडे, ज्योत टिकवण्यासाठी तेल जाळावे लागे आणि आम्ही चार-पाच जण पहाटेपर्यंत कोळसा खाली सोडणाऱ्या नळीवर, चूटवर, घण मारत असू. घरी येऊन नाक शिंकरले की रुमाल काळा होई. माझा निर्णय त्या घणानेच केला, असे म्हणायला हरकत नाही.

गुजरातेतल्या काकरापारसारख्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) अणुभट्टीत हा प्रकारच नाही. युरेनियम-२३५ चे केंद्रक फुटून निघालेले न्यूट्रॉन जड पाण्यामुळे मंद होतात, पुढची केंद्रके फोडतात आणि साखळी चालू राहते. नैसर्गिक युरेनियमच्या इंधननळ्यांचे अर्धा मीटर लांबीचे बंडल भट्टी पूर्ण भारावर असतानाच यंत्राने बदलले जातात. २२० मेगावॉटच्या संचाला दिवसाला साधारण आठ बंडल पुरतात. तेवढ्याच विजेसाठी कोळशाची जवळजवळ अख्खी मालगाडी रिकामी करावी लागते. कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्राचा पहिला संच २०१८ च्या अखेरीस थांबला तो सलग ९६२ दिवस चालून. इंधनासाठी थांबावे लागत असते, तर हे घडले नसते.

तरीही अणुकेंद्र सर्वांनाच मानवेल असे नाही. छातीवर डोस मोजणारा बॅज असतो, लहानसहान कामालाही लेखी परवानगी लागते. भट्टी ट्रिप होऊन, म्हणजे अचानक बंद पडून, वेळेत वर घेता आली नाही, तर न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन वायू साचल्यामुळे एक-दीड दिवस नुसते बसून राहावे लागते. औष्णिक संच त्या मानाने लवकर पेटतो. वापरलेले इंधन वर्षानुवर्षे पाण्याच्या कुंडात सांभाळावे लागते, ही जबाबदारीही मोठीच आहे. मात्र त्याचा प्रत्येक बंडल नोंदलेला असतो. औष्णिक केंद्राच्या वसाहतीत आईने गच्चीवर घातलेल्या कुरडयांवर जी राख बसे, तिची नोंद कोणाकडेच नव्हती.

घर लांब पडेल अशी धास्ती असेल आणि नेमणूक काकरापारची असेल, तर तिथेही पाणी आपल्या तापीचेच आहे, आणि जवळच्या व्याऱ्याहून नंदुरबार, अमळनेरमार्गे भुसावळची गाडी मिळते.