हीटिंगचा पंप घेताना नेमप्लेट वाचा, मी वाचली नाही आणि फसले

घरातल्या हीटिंगचा सर्क्युलेटर पंप, म्हणजे गरम पाणी रेडिएटरमधून फिरवणारा पंप, ऐन थंडीत बंद पडला, सगळे रेडिएटर गार, म्हणून जो मेकॅनिक आधी मिळाला त्यालाच बोलावलं. तो म्हणाला दोन मजली घर आहे, पाणी वर चढवायचंय तर मोठाच पंप लागणार, आणि हा वीज वाचवणारा आहे, खोक्यावर 'ए' स्टिकर आहे बघा. मी विश्वास ठेवला, पैसेही नवीन टेक्नॉलॉजीचे मोजले.

वर चढवायची गोष्ट साफ खोटी होती. बंद लूपमध्ये, म्हणजे तेच पाणी गोल फिरत राहतं तिथे, जेवढं पाणी वर जातं तेवढंच खाली येतं, पंपाला फक्त पाइप, वॉल्व्ह आणि रेडिएटरमधल्या घर्षणावर मात करायची असते, त्यामुळे घराची उंची विचारून पंप ठरवणाऱ्याला सरळ परत पाठवा.

पंप बसला आणि रेडिएटरचे थर्मोस्टॅटिक वॉल्व्ह (खोली गरम झाली की पाणी आपोआप कमी करणारे) बंद होत आले की शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला, रात्रीची झोप गेली. नेमप्लेट बघायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून बसवलेली, मोबाईल मागे सरकवून फोटो काढला तेव्हा दिसलं, ३ स्पीड आणि त्यापुढे ४६, ६७, ९३ वॅट. ईईआयचा, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांकाचा, आकडा कुठेच नाही! म्हणजे जुनाच प्रकार, अर्धे वॉल्व्ह बंद झाले तरी लावलेल्या स्पीडवरच रेटत राहणारा.

खरा वीज वाचवणारा पंप परमनंट मॅग्नेट मोटरचा असतो, मागणी कमी झाली की स्वतःच स्पीड उतरवतो, आणि स्पीड निम्मा झाला की पॉवर साधारण आठव्या हिश्श्यावर येते, बचत खरी तिथे होते. युरोपात ऑगस्ट २०१५ पासून हीटिंगच्या नव्या पंपांचा ईईआय ०.२३ च्या वर चालत नाही, आकडा जितका लहान तितका पंप चांगला. ते 'ए' स्टिकर त्याआधीचं, पंप कंपन्यांनी स्वतःहून सुरू केलेल्या लेबलचं, म्हणजे माझ्या गळ्यात जुना माल मारला.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी सिस्टिम फ्लश केली, काळा गाळ निघाला बादलीभर. तो म्हणाला हा लोखंडाचा गाळ मोटरच्या मॅग्नेटला चिकटतो, म्हणून तो पकडणारा मॅग्नेटिक फिल्टरही लावला, आणि परमनंट मॅग्नेट मोटरचा नवा पंप बसवला. आता डिस्प्लेवर बहुतेक वेळा १२-१५ वॅट दिसतात, शिट्टी बंद. पहिल्याकडून पैसे मात्र परत मिळाले नाहीत, बिलावर त्याने नुसतं 'हीटिंग पंप १ नग' लिहिलं होतं, मॉडेल नंबर नाही आणि मीही तो मागितला नव्हता.